माझ्या फोनवर करीमखाँ, कुस्ती आणि लोकसभा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी इचलकरंजीचा. वय ६३. चाळीस वर्षं यंत्रमागात गेली, त्यातली शेवटची बावीस जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा, म्हणून. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून घरीच असतो. धाकट्यानं त्याचा जुना फोन मला दिलाय. रातपाळीची सवय अंगात मुरलेली, त्यामुळं बारा-एकपर्यंत डोळा लागत नाही. मग अंथरुणावर पडून यूट्यूब बघतो.

काल काय काय बघितलं ते सांगतो. आधी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, दोनदा. मग खासबागेतली एक कुस्ती. मग अविनाश साबळेची बर्मिंगहॅमची शर्यत, जी मला आता पाठ झालीय. त्यानंतर वाजपेयींचं १९९६चं लोकसभेतलं भाषण. शेवटी विलायतेच्या पार्लमेंटातली प्रश्नोत्तरं. इंग्रजी मला चार आणेच कळतं, पण ती माणसं सारखी उठतात-बसतात ते बघत राहावंसं वाटतं.

मुलगा म्हणतो, "अण्णा, एक काहीतरी धरा. ही काय भेळ लावलीय?" नातू म्हणतो, त्या जुन्या गाण्यात नुसती खरखर आहे. मला तर खरखर ऐकूच येत नाही.

दुसरं असं, की ते एक भाषण काय बघितलं, फोन मला रोज नवी भांडणं दाखवतोय. "धुव्वा उडवला", "बोलती बंद केली" असलं. मीही बघत बसतो. चाळीस-चाळीस मिनिटं जातात, डोकं तापतं आणि झोप उडते. तिसरं, कपिल देवच्या १७५ धावांचा व्हिडिओ दोन वर्षं शोधतोय. नाव तेच असतं, उघडलं की दुसराच सामना. तो कुठं मिळेल?

माझं मन एका जागी का राहत नाही? असं बघणं चूक आहे का? कृपया नाव छापू नये.

उत्तर : भाऊ, आधी खरखरीचं बोलते, कारण तीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

लाखेच्या जुन्या तबकडीवर सुई घासते तेव्हा जो आवाज येतो, त्यातला बराचसा भाग उंच कंपनांचा असतो. गाणाऱ्याच्या गळ्यातले मूळ स्वर त्याच्या कितीतरी खाली, बहुतेक वेळा सेकंदाला हजार कंपनांच्या आत असतात. मागाच्या धडधडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान आधी जातात ते चार हजार कंपनांच्या आसपास. धोट्याच्या खटक्यानं नेमका तोच पट्टा झिजतो. म्हणजे खाँसाहेबांचा गळा तुमच्यापर्यंत नीट पोचत असेल आणि खरखर वाटेतच गळत असेल. नातवाचे कान कोवळे आहेत, त्याला दोन्ही ऐकू येतं. एकदा कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. तिचा आलेख निघतो. नेमकं कुठं, किती कमी आहे ते कळेल. तोवर कानात बोंडं घालून आवाज वाढवू नका. जे शाबूत आहे ते जपायचं. मी ३१ वर्षं रेडिओच्या ध्वनिमुद्रण विभागात काढली. कान हेच माझं हत्यार होतं, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते.

आता "एक काहीतरी धरा" याचं. तुमच्या मुलाचं म्हणणं मला पटलेलं नाही.

इचलकरंजीपासून मिरज किती लांब? सकाळी एसटीत बसलात तर दुपारच्या जेवणाला घरी याल. खाँसाहेब उत्तरेतल्या किराणा गावचे, पण मिरजेत राहिले आणि मिरजेचेच झाले. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोविलच्या रेल्वे फलाटावर त्यांनी देह ठेवला. दफन मात्र मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झालं. त्याच मिरजेत तंबोरे घडतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचे. त्या तंबोऱ्या-सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मिरजेहून दुसऱ्या अंगाला वळलात की कोल्हापूर. तिथं खासबागेचं कुस्ती मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ साली. त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत ते जळालं, तेव्हा कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. एकीकडं लाल मातीचा हौदा आणि त्याच्या शेजारी नाटक-गाण्याचा रंगमंच. अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवणारे महाराज तेच, पैलवानांना खुराक देणारेही तेच आणि २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढणारेही तेच. गाणं, कुस्ती आणि राजकारण एका माणसात इतकं सुखानं नांदलं. त्यांना कुणी म्हणालं असेल का, "महाराज, एक काहीतरी धरा"? तुम्ही त्याच मुलखातले आहात, भाऊ. तुमची आवड भेळ वाटते ती फोनच्या काचेवर. जमिनीवर उतरून बघितलं तर तो पन्नास-साठ किलोमीटरांचा टापू आहे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही काय बघता यापेक्षा सबंध बघता की तुकडा बघता, हे मला विचारावंसं वाटतं. त्यासाठी माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते.

तेव्हा सगळं काम टेपवर चालायचं. भाषणाचं रीळ यंत्रावर चढवायचं आणि दोन्ही हातांनी चकत्या पुढंमागं फिरवत हवा तो शब्द शोधायचा. हातानं फिरवताना आवाज घोगरा, ओढल्यासारखा येतो, पण सवयीनं 'प' कुठं फुटला ते कळतं. तिथं टेपच्या पाठीवर पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची. मग ॲल्युमिनियमच्या खाचेत टेप बसवून दाढीच्या ब्लेडनं तिरका काप द्यायचा, नको तो भाग काढायचा आणि उरलेली दोन टोकं पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायची. सेकंदाला साडेसात इंच टेप सरकते. 'पण' हा शब्द तिच्यावर जेमतेम दोन-अडीच इंचांचा भरतो.

१९८६-८७ च्या सुमाराला एका परिषदेचं वृत्त द्यायचं होतं. एक वयस्क शेतकरी बोलले होते : "कालव्याला जमीन द्यायला आमची ना नाही, पण आधी आम्हाला पुनर्वसनाची जागा दाखवा." माझ्या हातात वीस सेकंद होते, तीन वक्ते होते आणि बुलेटिनला अकरा मिनिटं राहिली होती. मी 'पण'च्या अलीकडं कापलं. संध्याकाळी साऱ्या जिल्ह्यानं ऐकलं : "कालव्याला जमीन द्यायला आमची ना नाही."

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ सकाळच्या एसटीनं केंद्रावर आले. धोतर, फेटा, हातात पिशवी. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, माझं निम्मं वाक्य तुमच्या टोपलीत राहिलं. गावात मला तोंड दाखवता येईना." मी टोपली बघायला धावले, पण पहाटेच ती झाडून नेलेली होती. सबंध मुद्रणाची दुसरी प्रत मिळाली, ती आम्ही त्या दिवशी लावली. पहिल्या दिवशी ज्यांनी ऐकलं त्यांतल्या किती जणांनी ती ऐकली, देव जाणे. त्या दिवसापासून कुणाचंही कापलेलं बोलणं ऐकलं की माझं लक्ष आधी शेवटच्या शब्दावर जातं. माणसाचा सूर खाली उतरून थांबलाय, की वरच टांगता राहिलाय? टांगता राहिला असेल तर पुढं काहीतरी होतं आणि ते कुणीतरी काढलंय.

"बोलती बंद केली" असं नाव दिलेला कुठलाही व्हिडिओ लावा आणि फक्त एवढंच ऐका. दहांतल्या किती ठिकाणी सूर टांगता राहतो ते तुम्हीच मोजा. चाळीस वर्षं मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या जॉबरला हे शिकवायला नको.

१९९६ चं भाषण तुम्ही बघता ते उत्तम. पण ते विश्वासदर्शक ठरावावरच्या दोन दिवसांच्या चर्चेचं शेवटचं उत्तर आहे. २७ आणि २८ मे रोजी ती चर्चा झाली आणि तेरा दिवसांचं सरकार मतदानाआधीच पायउतार झालं. त्या उत्तराआधी विरोधी बाकांवरून काय काय म्हटलं गेलं, ते कळल्याशिवाय अर्ध्या वाक्यांचा रोख लागत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभेच्या वादविवादांचा शब्दशः वृत्तान्त आहे, तारखेनुसार. नातवाला सांगून त्या दोन दिवसांची पानं काढून घ्या. समोर कागद आणि कानात भाषण असं एकदा करून बघा. १७ एप्रिल १९९९ चंही तसंच करा. २६९ विरुद्ध २७०, एका मतानं वाजपेयींचं सरकार गेलं. त्या दिवसाचे तुकडे पुष्कळ फिरतात, पण सगळी चर्चा सलग वाचली की सभागृहातला ताण अंगावर येतो.

आपल्याकडं संसद पडद्यावर दिसायला लागली ती सावकाश. प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट आला १९९४ च्या डिसेंबरात, आणि लोकसभेची स्वतःची वाहिनी २००६ साली. त्याआधीच्या थोरांचं काय? बॅरिस्टर नाथ पै गेले १८ जानेवारी १९७१ ला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून तीनदा निवडून गेलेला हा माणूस, ज्याचं बोलणं ऐकायला विरोधकही थांबत, तो तुम्हाला यूट्यूबवर सहसा सापडायचा नाही. त्याच वृत्तान्ताच्या पानांत मात्र तो आहे, अध्यक्षांनी मध्येच थांबवल्याच्या नोंदींसकट. मोठ्यानं वाचून बघा. घरात कुणी हसलं तर हसू दे.

कुस्तीकडं वळते. फोनवर दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे येतात : ढाक मारली, कलाजंगावर उचलला, चितपट, हलगी, फेटे उडाले. डोळ्यांना बरं वाटतं. पण माझे वडील मैदानाला जायचे तेव्हा खडाखडी सुरू असताना शेजारच्यालाही बोलू द्यायचे नाहीत. दोन्ही पैलवान नुसते मनगटं धरून फिरतायत, मानेवर हात टाकतायत, काही घडत नाही असं आपल्याला वाटतं. खरं तर समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे याचा शोध तिथंच चाललेला असतो. पट काढणारा, म्हणजे पाय धरून ओढणारा, हात खाली जातो त्याच्या आधी बराच वेळ त्यानं समोरच्याला दोन-तीनदा त्याच बाजूला खोटं ओढलेलं असतं. म्हणून सबंध कुस्ती शोधा. निकाल कळला की मागं जा, कोपऱ्यातल्या चाकाच्या खुणेवर बोट ठेवून वेग ०.२५ करा आणि निकालाच्या आधीचं अर्धं मिनिट बघा. पैलवानांची तोंडं बघू नका, त्यांची पावलं बघा. घिस्सा हा डाव कुठं बसला ते मातीत उठलेल्या रेघेवरून दिसतं.

साबळेची शर्यत तुम्ही सबंध बघता, हे पत्रावरून कळलं आणि फार बरं वाटलं. ६ ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतली स्टीपलचेस. तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. हे अडथळे साध्या हर्डलसारखे लाथ लागली की पडणारे नव्हेत. तीन फूट उंचीचं जड लाकूड, चुकला तर माणूसच पडतो. या शर्यतीत १९९८ पासून २०१८ पर्यंतची राष्ट्रकुलातली सगळी पदकं केनियाची. आणि त्या रांगेत बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, सियाचीनला राहून आलेला जवान. अब्राहम किबिवॉट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटं ११.२०. पाच शतांश सेकंद, तुम्ही 'पण' म्हणालात तर त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा वेळ. पुढच्या वेळी बघाल तेव्हा साबळेऐवजी शेवटच्या पाण्याच्या उडीनंतर किबिवॉटकडं बघा. मागून कुणीतरी येतंय हे त्याला कळतं तो क्षण दिसतो का, मला कळवा. मला तो दर वेळी वेगळ्या जागी वाटतो.

कपिलच्या १७५ चं मात्र निराश करणारं उत्तर आहे. तो व्हिडिओ नाही. कुठंच नाही. १८ जून १९८३ ला विश्वचषकातल्या टनब्रिज वेल्सच्या सामन्याचं चित्रण झालंच नाही. बीबीसीत त्या दिवशी संप होता, असं तेव्हापासून सांगितलं जातं. त्या नावानं जे दिसतं ते एकतर दुसऱ्या सामन्याचं असतं किंवा सिनेमासाठी पुन्हा उभं केलेलं. दोन वर्षं शोधलंत, ते आता थांबवा. त्याऐवजी धावफलक समोर घ्या. १७ धावांत पाच गडी बाद. कपिल नाबाद १७५, चेंडू १३८, चौकार १६, षटकार सहा. किरमाणी नाबाद २४. नवव्या गड्यासाठी दोघांची न तुटलेली १२६ धावांची भागीदारी, म्हणजे तिच्यातल्या बहुतेक कपिलच्याच असणार हे गणित आपोआप होतं. ६० षटकांत ८ बाद २६६, आणि झिम्बाब्वे ३१ धावांनी कमी. मैदानाच्या कडेला ऱ्होडोडेंड्रॉनची दाट झाडं आहेत, छायाचित्रांत दिसतात. डोळे मिटून त्या झाडांच्या अंगानं एक षटकार जाऊ द्या. आमच्या पिढीनं क्रिकेट असंच ऐकलं, रेडिओला कान लावून.

विलायतेच्या माणसांच्या उठण्या-बसण्याचं कोडं सोपं आहे. ज्याला बोलायचंय तो सभापतींची नजर पडावी म्हणून उभा राहतो. दुसऱ्याला पुकारलं की खाली बसतो आणि ते संपलं की पुन्हा उठतो. जमिनीवर दोन्ही बाजूंच्या बाकांसमोर एकेक लाल रेघ आहे, बोलणाऱ्यानं ती ओलांडायची नाही. पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं बुधवारी त्यांच्या दुपारी बाराला सुरू होतात. आपल्याकडं उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. चहाबरोबर थेट बघा की. रात्रीचा तेवढा वेळ मोकळा होईल.

आता फोन भांडणं का दाखवतो ते. आधी यूट्यूबचं यंत्र किती जणांनी व्हिडिओ उघडला ते मोजायचं. २०१२ पासून ते माणूस किती वेळ थांबला याला जास्त वजन द्यायला लागलं. तुम्ही चिडून चाळीस मिनिटं बघितलंत की आवडीनं, हे त्याला कळत नाही, फक्त चाळीस मिनिटं कळतात. तेव्हा चार गोष्टी नातवाकडून करून घ्या. ऑटोप्ले बंद. बघितलेल्याच्या यादीतून, म्हणजे हिस्टरीतून, ती सगळी भांडणं एकेक करून पुसून टाकायची. पुन्हा समोर आलं तर तीन ठिपके दाबून "या चॅनलची शिफारस करू नका" म्हणायचं. आणि मोह झालाच तर गुप्त मोडमध्ये बघायचं, म्हणजे त्याची नोंद राहत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे समोर येईल ते उघडायचं नाही, वर नाव टाइप करून शोधायचं. बोलून शोधलं तरी चालतं. रोज संध्याकाळी एका कागदावर लिहा, आज मला काय बघायचंय. तीन नावं पुरेत. आणि दहानंतर राजकारण लावू नका. ठुमरी शेवटी ठेवा, सुरुवातीला नको.

त्या ठुमरीबद्दल एक सांगायचं राहिलं. तीही कापलेलीच आहे, असं तुमच्या मनात येईल. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि मैफलीत खाँसाहेब हेच कितीतरी वेळ गात असतील. पण तो काप गाणाऱ्यानं स्वतः दिलेला आहे. काय ठेवायचं, काय सोडायचं हे त्यांनी गाण्याआधीच ठरवलं, आणि साडेतीन मिनिटांची सबंध वस्तू करून दिली. शेवटचा स्वर ऐका. तो टांगता नाही, तो घरी आलेला आहे.

कानाच्या तपासणीचं काय झालं ते जरूर कळवा.

प्रश्न : ताई, मी फोंडा तालुक्यातली, शाळेत संगीत शिकवते. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी नासाच्या व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, हे मुलांना ऐकवायचं होतं. यूट्यूबवर त्याच नावाचे तीन व्हिडिओ आहेत, तिन्हींची लांबी वेगळी आणि पट्टीही वेगळी. एकावर तर फोटो दुसऱ्याच बाईंचा आहे. खरा कुठला समजायचा?

उत्तर : फोटोवर जाऊ नका. जुनं गाणं चढवणारे बहुतेक जण प्रेमानं चढवतात, पण फोटो हाताला लागेल तो लावतात. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत गाणारे शेवटी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी तसं सांगितलेलं आजही ऐकू येतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जात, आणि तिथल्या माणसाला कुणाचं लेबल चिकटवायचं ते कळायला हवं, म्हणून ही सोय होती. केसरबाईंच्या काळापर्यंत ती पद्धत गेलेली होती, त्यामुळं आपल्याला दुसरा मार्ग धरावा लागतो.

व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंचं गाणं साडेतीन मिनिटांचं नोंदलेलं आहे. तुमच्या तिन्ही व्हिडिओंत पुढंमागं शांतता किंवा कुणाचं बोलणं जोडलं असेल तर ते वजा करा आणि फक्त पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत मोजा. तबकडी जरा जास्त वेगानं फिरवून उतरवली असेल तर गाणं आखडतं आणि पट्टी चढते. अर्धा स्वर चढली असेल तर साडेतीन मिनिटांचं गाणं साधारण तीन मिनिटं अठरा सेकंदांत संपतं. म्हणजे घड्याळ आणि पेटी एकमेकांची साक्ष काढतात. लांबी कमी आणि पट्टी वर, हे प्रमाणात जुळलं तर तिन्ही एकाच तबकडीच्या उतरवण्या आहेत, फक्त वेग निराळा. लांबी कमी असून पट्टी तीच असेल, तर कुणीतरी मधे कापलंय किंवा ती वेगळीच तबकडी आहे.

मुलांना तारखाही सांगा. व्हॉयेजर २ सुटलं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, व्हॉयेजर १ सुटल्यावर अकरा दिवसांनी.

वर्गातल्या पेटीवर तिन्हींचा षड्ज कुठल्या पट्टीत लागतो ते बघा आणि प्रत्येकाची मिनिटं-सेकंदं कागदावर लिहून मला पाठवा. पुढच्या अंकात जुळवून सांगते.